खर्जाची बाजू
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



गेली सात वर्षं मी आपला खजिनदार आहे. त्यामुळं मी माईक हातात घेतला की देखभाल खर्च वाढणार, अशी तुमची पक्की समजूत झालेली आहे. आज तसं काही नाही. समितीनं मला बजावलंय की हिशेब सोडून बोला, तुमच्या त्या गिटारबद्दल बोला. अर्ध्या सोसायटीला ठाऊक आहे की शनिवारी संध्याकाळी मी एक लांबलचक काळी पिशवी घेऊन लिफ्टनं खाली उतरतो. उरलेल्या अर्ध्या सोसायटीला त्या पिशवीत काय असतं ते ठाऊक नाही. एका आजींनी तर लिफ्टमध्ये हळूच विचारलं होतं, "बंदूक आहे का रे?"

बंदूक नाही आजी, बेस गिटार आहे.

माझे वडील, अण्णा, समोर तिसऱ्या रांगेत बसलेत. मी काय बोलतोय ते त्यांना बहुधा कळत नसणार, कारण त्यांना ऐकू कमी येतं. तेव्हा जरा मनमोकळं बोलतो.

पहिल्यांदा हे वाद्य काय ते सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, माझ्या गिटारला चार, आणि त्या चांगल्या जाड. गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली उतरवलेले. सगळ्यात जाड तार छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पुरुषमाणूस बोलतो तेव्हा हा आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, म्हणजे विचार करा किती खालचा सूर. आपल्याकडं याला सुंदर शब्द आहे, खर्ज. गाणं तुम्ही मोबाईलवर ऐकलंत तर हा खर्ज त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. म्हणून तुम्ही पुष्कळ गाणी शंभर वेळा ऐकली असतील, पण त्यात बेस गिटार आहे हे लक्षात आलं नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही.

पूर्वी हा सूर डबल बास नावाच्या वाद्यावर वाजवायचे. माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचा, बसमध्ये न मावणारा. त्याला पडदे नाहीत, त्यामुळं सूर नेमका लावायला वर्षं जायची. शिवाय बाकीची वाद्यं विजेवर मोठी झाली तशी या बिचाऱ्याचा आवाज कुठं ऐकूच येईना. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर म्हणून एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण त्यानं १९५१ मध्ये खांद्याला अडकवता येईल असा, पडदे असलेला, विजेवर चालणारा बेस बाजारात आणला. पडद्यांमुळं सूर अचूक लागतो म्हणून त्याचं नावच ठेवलं प्रिसिजन. माझ्याकडं आहे ती त्याचीच स्वस्तातली नक्कल.

गंमत बघा, त्याच १९५१ साली आपल्याकडं भगवानदादांचा 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्या वादकांत गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. ताजमहाल हॉटेलात पाश्चात्त्य गाणी वाजवणारा हा माणूस आणि त्याचा बँड 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो. म्हणजे हॉटेलात लोकांच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्यांची गाणी वाजवायची, हा काही आमच्या पिढीनं काढलेला उद्योग नाही. मुंबईत तो फार जुना आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली मुलं मुंबईला आली, रात्री हॉटेलात वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. त्यातलेच अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तलं ते नाव त्यांच्यावरूनच आलं.

आता मी यात कसा शिरलो ते सांगतो, पण त्याआधी गाव सांगायला हवं.

माझं गाव केदारखेडा. जालन्याहून भोकरदनला निघालं की वाटेत राजूरचा गणपती लागतो. त्याच्या पुढं गेलं की पूर्णा नदी, तिथं आमचं गाव. मी दुसरी-तिसरीत असेपर्यंत आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले होतो. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आम्ही गावातून न हलता जिल्हा बदलून बसलो. घरची शेती, कापूस आणि मका. अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज.

पखवाज जवळून बघितलाय का कोणी? त्याच्या उजव्या बाजूला शाई असते, तबल्यासारखी, ती कायमची. डावी बाजू म्हणजे धुमा. तिला दर वेळी भजनाच्या आधी ताजी कणीक लावायची. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बसका येतो. भजन संपलं की खरवडून काढायची. आई संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी कणकेचा एक गोळा वाटीत काढून ठेवायची आणि तो पारावर पोचवायचं काम माझं. अण्णा तो गोळा बोटांनी थापत, वाजवून बघत, चिमूटभर काढत, पुन्हा लावत. तोपर्यंत वीणेकरी उभा, टाळकरी उभे, पेटीवाला सूर धरून बसलेला. कणीक बसल्याशिवाय भजन सुरू होत नसे.

ऐकणाऱ्याला ती कणीक दिसत नाही. तो म्हणतो, बुवांचा आवाज काय लागला आज! पण ती नसेल तर तेच बुवा, तेच टाळ, तोच अभंग, आणि सगळं उघडं पडल्यासारखं वाटतं. बेस गिटारचं काम कोणी मला विचारलं तर मी हेच सांगतो. आमच्या बँडमधली कणीक मी.

बँडमध्ये आम्ही पाच जण. ड्रम वाजवणारे एक दंतवैद्य आहेत. गिटारवर एक इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक. गाणारे गृहस्थ बँकेत अधिकारी आहेत. कीबोर्डवर संगणक कंपनीतली एक मुलगी, आमच्यात सगळ्यात लहान आणि संगीत सगळ्यात जास्त कळणारी. आणि मी, हिशेबनीस. बँडचं नाव दर वर्षी बदलतं म्हणून सांगत नाही. मी बेसवर कसा आलो याचं उत्तर जगातल्या निम्म्या बेसवाल्यांचं असतं तेच आहे. गिटार वाजवणारे दोघं झाले होते आणि बेसला कोणी नव्हतं. बीटल्सचं पण तसंच झालं. १९६० मध्ये ही इंग्लंडची पोरं जर्मनीत हॅम्बुर्गच्या दारूच्या क्लबांत रोज रात्री तासन् तास दुसऱ्यांची गाणी वाजवत होती. पुढच्या वर्षी त्यांच्या बेसवाल्यानं चित्रकलेसाठी बँड सोडला, तेव्हा ती जागा पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माझं पुढं काय झालं ते मी सांगतोय.

शनिवारी सहाला सामान भरायचं. सातला तिथं पोचून जोडणी, मग साउंडचेक. साडेआठला पहिला सेट. असे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट, मिळून तीस-बत्तीस गाणी. पहिल्या सेटला लोक जेवत असतात, आपल्याकडं कोणी बघत नाही, तेव्हा संथ गाणी. दुसऱ्यात जुनी हिंदी, किशोर आणि आर. डी. तिसऱ्यात नाचायची. पुण्यात कुठल्याही पबमध्ये जा, कोणीतरी ब्रायन अ‍ॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' मागणारच, तेही जोरात ओरडून. २०१६ ला 'सैराट' आल्यापासून आमच्या यादीत मराठी गाणंही कायमचं आलं, आणि सगळ्यात जास्त माणसं उठून नाचतात ती त्यालाच.

यात माझं काम काय? ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडं बघणं. त्या पायानं मोठा ड्रम वाजतो. त्याचा ठोका आणि माझा सूर एकत्र पडला तर ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो. थोडा जरी मागं-पुढं पडला तर कोणाला कारण कळत नाही, पण कोणी उठत नाही. दुसरं काम, गाणाऱ्याला सांभाळणं. आमचे बँकवाले कधी कधी दुसरं कडवं विसरून थेट तिसऱ्यात जातात. त्या वेळी सगळ्यात आधी मी तिथं पोचायचं, म्हणजे बाकीचे माझ्या मागं येतात आणि लोकांना वाटतं असंच ठरलं होतं. कधी त्यांचा घसा बसलेला असतो, मग पट्टी अर्धा सूर खाली. गिटारची तार तुटते, कीबोर्डची वायर निघते, तेव्हा बेस आणि ड्रम चालू राहिले की गाणं मरत नाही. आणि तिसरं काम सगळ्यात अवघड, कुठं वाजवायचं नाही ते ओळखणं.

खजिनदाराचं पण हेच असतं की नाही? पाण्याची मोटर चालू आहे, लिफ्ट चालू आहे, वॉचमनचा पगार वेळेवर झालाय, तोवर खजिनदार कोण हे कोणाला आठवत नाही. असो, हिशेब नको म्हटलंय.

ऑफिसातले एक साहेब मला दर दिवाळीला विचारतात, "अहो, दुसऱ्यांचीच गाणी किती दिवस वाजवणार? स्वतःचं काही करा की." यावर मी बराच विचार केलाय. मुंबईत १९८४ ला रॉक मशीन म्हणून बँड निघाला. ते सुरुवातीला दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. मग त्यांनी ठरवलं की आता आपली. १९८८ ला स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढं इंडस क्रीड असं नाव घेतलं. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार आहे. दुसरं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड वाजवणारा हा माणूस. लग्नांत वाजवायचा, सिनेगीतांच्या धूनांच्या तबकड्या काढायचा. १९८२ मध्ये त्यांनी जपानी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यातलं एक यंत्र बेस गिटारवाल्याची जागा घेण्यासाठीच बनवलेलं होतं, आणि ते वाजवलं कोणी, तर एका बेस गिटारवाल्यानं. तेव्हा त्या तबकडीकडं कोणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातली तरुण पोरं त्यांना शोधत मुंबईला आली.

तर स्वतःचं करणारे मोठेच. पण केदारखेड्यात अण्णांना कधी कोणी विचारलं नाही की स्वतःचा अभंग का लिहीत नाही. तुकोबांचा अभंग, नामदेवांचा अभंग, शेकडो वर्षांचा. चाल कुठल्या तरी बुवांकडून आलेली. मंडळातला एकही शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता. विचारायचे ते एवढंच, की आज भजन जमलं का? दहा माणसं एका जागी एका वेळी पोचली का? मला वाटतं, हौशी माणसानं एवढा प्रश्न विचारला तरी पुरे. तुलना मात्र इथंच थांबवतो. ते देवासाठी गात होते आणि आमच्यापुढं बसलेले लोक खायला-प्यायला आलेले असतात. हा फरक मला माहीत आहे आणि अण्णांना तर फारच चांगला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि आम्ही अण्णांना इथं घेऊन आलो. त्याआधी ते सणावाराला यायचे, शनिवारचं त्यांना माहीत नव्हतं. आल्यावर दुसऱ्याच शनिवारी त्यांनी पिशवी बघितली आणि विचारलं, "कुठं चालला?" मी सांगितलं. ते गप्प बसले. मी परत आलो तेव्हा एक वाजला होता आणि ते जागेच होते. म्हणाले, "माळकऱ्याचा पोरगा दारूच्या दुकानात वाजवतो. काहून रे? काय कमी पडलं तुला?"

मी पीत नाही, हे त्यांना माहीत आहे. पण त्यांचा प्रश्न पिण्याचा नव्हताच. वाजवणं ही त्यांच्या लेखी पवित्र गोष्ट, आणि ती मी नको त्या दारात नेऊन ठेवली होती. माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यात रात्री त्यांची झोप मोडू लागली. दोन वाजता उठायचे आणि गोठ्यात जायचंय म्हणून दार उघडायला जायचे. सहाव्या मजल्यावर गोठा कुठला? घरच्या माणसानं एकटीनं त्यांना आवरणं शक्य नव्हतं. मुलगी शिकायला बाहेरगावी. मी बँडला सांगितलं, मला जमणार नाही. आठ महिने माझ्या जागी दुसरा एक मुलगा वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर चांगला वाजवत होता.

वाद्य पिशवीत, पिशवी कपाटावर. मला वाटलं होतं सवय होईल. झाली नाही. शनिवारी संध्याकाळी सहा वाजले की मी उगाच गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

आता जे सांगतो ते सांगण्यासाठीच मी आज बोलायला तयार झालो. बी विंगमधले एक निवृत्त शिक्षक, नाव घेतलं तर ते रागावतील, एका शनिवारी घरी आले आणि म्हणाले, "तू जा, मी बसतो." सोबत मोठ्या अक्षरांची ज्ञानेश्वरी घेऊन आले होते. रात्री बारापर्यंत ते अण्णांच्या शेजारी बसून ओवी वाचत होते, अण्णा बोटानं ओळ धरून बघत होते. पुढच्या शनिवारी तळमजल्यावरचे काका आले. मग चार घरांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या आणि मला फक्त तारखा कळवल्या. गेली दोन वर्षं हे चालू आहे. मी स्टेजवर उभा असतो तेव्हा माझ्या घरी आपल्यापैकी कोणीतरी बसलेलं असतं. मंडळी, सोसायटीच्या ताळेबंदात ही रक्कम कुठल्या सदरात दाखवायची ते मला अजून सुचलेलं नाही.

दरम्यान अण्णांची कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवून जे समजावलं ते घरोघरी उपयोगाचं आहे म्हणून सांगतो. वयानं कान जातात ते आधी वरच्या, बारीक सुरांचे जातात. खालचे सूर बरेच दिवस टिकतात. आता आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर खालच्या बाजूचे आणि स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या बाजूची. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. मग आपण म्हणतो, हवं तेवढं बरोबर ऐकू येतं यांना! तसं नसतं. ओरडूनही फायदा होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. आमच्या घरात या एका गोष्टीनं निम्मी भांडणं मिटली.

आणि माझ्या डोक्यात आलं, की मग बेस गिटार?

एका रविवारी संध्याकाळी मी अण्णांच्या खोलीबाहेर लहान अ‍ॅम्प्लिफायर लावला. आमच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावून त्यावर हळू आवाजात वाजवत होतो. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही. दहा मिनिटांनी आत बघितलं तर ते खाटेवर बसलेले, एक हात खाटेच्या लाकडावर टेकवलेला, आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. मी थांबलो. ते म्हणाले, "थांबला काहून? चालू दे." आणि मग थोड्या वेळानं, "तुझ्या जोडीला वाजवणारा कोण हाय तो? समेच्या आधी घाई करतो."

आमच्या दंतवैद्यांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "अरे, माझे ड्रमचे गुरू मला हेच सांगायचे."

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी अर्धा तास आमचा ठरलेला आहे. गाणं कुठलं ते अण्णांना कळत नाही, शब्द तर नाहीच. इंग्रजी आहे की हिंदी, त्यांना फरक पडत नाही. ते खर्ज ऐकतात. मध्येच हात वर करतात, म्हणजे थांब. मग पखवाजाचे बोल तोंडानं म्हणून दाखवतात, आणि मी ते चार तारांवर बसवायचा प्रयत्न करतो. पबमध्ये वाजवणं त्यांना पटलंय का? नाही पटलेलं. परवा पण म्हणाले, "तिथं नको जाऊ, इथंच वाजव." मी त्यांना पटवायच्या भानगडीत पडत नाही. ते विचारायचं सोडत नाहीत आणि मी जायचं सोडत नाही. पण रविवारचा अर्धा तास दोघंही चुकवत नाही.

आता खालच्या मजल्याबद्दल. या हळू आवाजातल्या वाजवण्याचीही समितीकडं तक्रार आली होती आणि ती रास्त होती. खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी थरथरत होती. आम्ही मोबाईलवर आवाज मोजला तर चव्वेचाळीस डेसिबल. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, रात्रीची ४५. नियमात बसत होतं. मग भांडी का वाजत होती? दोन कारणं. एक, माझ्या खालच्या सुराची लहर आठ मीटरहून लांब असते. बारीक आवाज भिंतीला अडतो, हा खर्ज स्लॅबमधून सरळ उतरतो. दुसरं, आवाज मोजायचं जे नेहमीचं माप आहे ते माणसाच्या कानाप्रमाणं ठरवलेलं आहे आणि खालच्या सुरांना फार कमी धरतं. ४० कंपनांच्या आसपास तर जवळजवळ ३५ डेसिबल वजा करून मोजतं. म्हणजे मीटर खरं बोलत होतं आणि काकूही खरं बोलत होत्या. उपाय साधा निघाला. अ‍ॅम्प्लिफायर फरशीवरून उचलून जाड फोमवर ठेवला, वेळ सहा ते साडेसहा ठरवली, आणि एरवी सराव हेडफोन लावून. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही असं बरेच जण सांगतात. नका चिकटवू. खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, शेजाऱ्याकडं जाणारा खर्ज तसाच जातो.

तरुण मुलांसाठी एक आकडा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पबमध्ये, डीजेपुढं, मिरवणुकीत शंभर सहज होतात. मी कानात बोळे घालून वाजवतो. अण्णांचे कान वयानं गेले, तुमचे हौसेनं घालवू नका.

शेवटी एक मागणी, खजिनदाराच्या अधिकारात नाही, सभासद म्हणून. आपल्या सोसायटीत मी मोजली तर अकरा मुलं काही ना काही वाजवतात. तबला, कीबोर्ड, गिटार, एक मुलगी ड्रम शिकतेय. सगळी आपापल्या खोलीत, दार लावून, एकेकटी. एकट्यानं वाजवून सूर येतो, पण दुसऱ्यासाठी थांबता येत नाही. ते चार जणांत बसूनच येतं. आपला हॉल शनिवारी पाच ते सात रिकामा असतो. तो त्यांना द्यावा. खर्च फक्त विजेचा, तो मी मांडून दाखवीन. कोणी विचारेल, दुसऱ्यांची गाणी वाजवली तर परवाना लागतो का? पबवाल्यांना लागतो, ते त्यांचं ते बघतात. पण हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांपुढं वाजवलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच, कलम ५२ मध्ये, त्याला सूट दिलेली आहे. तिकीट लावू नका म्हणजे झालं. आणि त्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठीही दोन-चार खुर्च्या ठेवा, मोठ्या स्पीकरजवळ. ज्यांना आपण समजतो की काही ऐकू येत नाही, त्यांना काय ऐकू येतं ते आपल्यालाही कळेल.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. ज्यांनी सुरुवातीला टँकरच्या रांगेत उभं राहून ही जागा वसवली, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, पण मोटर चालू आहे, झाडं उभी आहेत. त्यांना मनापासून नमस्कार. पुढची पंचवीस वर्षं चालवणारी मुलं मागच्या खुर्च्यांवर बसलीत, त्यांना शुभेच्छा.

जेवणानंतर आमचा बँड इथं चार गाणी वाजवणार आहे. त्यातलं एक भजन आहे, अण्णांच्या सांगण्यावरून, आणि त्याचा ठेका त्यांनीच बसवून दिलाय. बरोबर दहाला मी स्वतः बटण बंद करीन. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा, आणि आपली सोसायटीही २००० सालची. दोघांचा मान राखायला हवा.

जेवायला चला.